कोठी आणि मिसळणाचा डबा

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी कोठीची खोली रिकामी करण्याचा एक सोहळा असतो. डबे उन्हात जातात, बरण्या धुतल्या जातात आणि मदतनीस म्हणून माझी नेमणूक होते. ही नेमणूक फार काळ टिकत नाही. डब्याच्या तळाशी घातलेला जुन्या वर्तमानपत्राचा कागद हाती आला की मी तो वाचीत बसतो, आणि मग मला सन्मानपूर्वक बाहेर काढण्यात येते. यंदा मात्र बाहेर काढण्याचे कारण वेगळे होते. कामाच्या उत्साहात मी ओट्यावरचा मिसळणाचा डबाही उचलून कोठीत नेऊन ठेवला. थोड्या वेळाने करपलेल्या फोडणीचा वास आला आणि पाठोपाठ माझ्या नावाचा उद्धार झाला.

डबा परत जागेवर ठेवताना मी बायकोला म्हणालो, "एवढ्याशा वाट्या कशाला? दर चार दिवसांनी भरत बसायचं. एकदाच चांगला मोठा डबा आणू या. किलोभर मोहरी मावेल असा."

ती म्हणाली, "मोठा डबा आणलात तर तो कोठीतच ठेवावा लागेल. मग हाताशी काय राहिलं?"

बिचारीने सहज उत्तर दिले. पण ह्या एका वाक्यात तिने संगणकशास्त्रातला एक महत्त्वाचा सिद्धांत सांगून टाकला होता, हे तिला ठाऊक नव्हते. मला ते ठाऊक होते, कारण त्या सिद्धांताची किंमत मी एकदा रात्री जागून मोजली आहे.

ती गोष्ट 1999 सालच्या पावसाळ्याअखेरची. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करीत होतो. खिळ्यांच्या केसी माळ्यावर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक संगणक आला होता. 1997 साली कोणीतरी जुळवलेला आणि आमच्या मालकांनी दुसऱ्याकडून विकत घेतलेला. त्याच्यावर लग्नपत्रिका व्हायच्या, पावतीपुस्तके व्हायची, देवस्थानांचे अहवाल व्हायचे आणि दिवाळीच्या सुमारास एका लहानशा दिवाळी अंकाचे कामही यायचे. यंत्राची स्मृती 64 मेगाबाइटांची होती. आज माझे विद्यार्थी हा आकडा ऐकून हसतात. त्यांच्या खिशातल्या फोनची स्मृती त्याच्या शंभरपट असते. पण त्या दिवसांत 64 मेगाबाइट म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर होते.

त्या वर्षी अंकाची पाने वाढली. मालकांनी मन मोठे केले आणि आणखी 64 मेगाबाइटांची एक पट्टी आणून यंत्रात बसवली. नारळ फोडला. पेढे वाटले. स्मृती दुप्पट झाली, आणि यंत्र मंदावले.

मंदावले म्हणजे बंद पडले नाही. बंद पडलेले यंत्र परवडते. त्याच्यापुढे हात तरी जोडता येतात. पूर्वी जे पान एका दमात पडद्यावर उमटे, ते आता तुकड्यातुकड्यांनी उमटू लागले. पान सरकवावे तर ते म्हशीने रस्ता ओलांडावा तसे सरके. क्वचित एखादे मोठे छायाचित्र उघडताना वाढीव स्मृतीचा थोडा लाभ दिसे. पण रोजचे काम, म्हणजे ओळीमागून ओळ आणि पानामागून पान, सारे रेंगाळले. कोणी म्हणाले यंत्राला विषाणू लागला. कोणी म्हणाले पंख्यात धूळ गेली. मालकांचे म्हणणे असे पडले की यंत्र होते तसेच आहे, माझी बोटे आळसावली आहेत.

शेवटी यंत्रांची दुरुस्ती करणारा एक तरुण आला. त्याने दीड दिवस यंत्र उघडून ठेवले आणि मग गंभीरपणे निदान सांगितले, "काका, कॅश पुरत नाही."

मालक म्हणाले, "ते तू सांगायला नको. गावात उधारीच इतकी आहे की कॅश पुरणार कुठून?"

हसून झाल्यावर त्या तरुणाने नवी पट्टी काढून मालकांच्या हातावर ठेवली. यंत्र चालू केले. पाने पहिल्यासारखी भराभर उमटू लागली. उपटलेल्या दाढेकडे माणूस पाहतो तसे मालक किती तरी वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. पैसे देऊन आणलेली स्मृती काढून टाकल्यावर यंत्र हुशार झाले, हे त्यांना पटेना. खरे म्हणजे मलाही पटेना.

त्या तरुणाने मला जे समजावून सांगितले आणि पुढे वाचून जे कळले, ते थोडक्यात असे. संगणकाचा मेंदू फार चपळ असतो आणि त्याची मुख्य स्मृती त्या मानाने फार सुस्त. आजच्या यंत्रांत मेंदूला अगदी चिकटून असलेल्या चिमुकल्या स्मृतीतून एखादी गोष्ट काढायला साधारण एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग लागतो. मुख्य स्मृतीतून काढायला शंभराच्या घरात नॅनोसेकंद लागतात, आणि फिरत्या चकतीवरून आणायची तर एक कोटीच्या घरात. हे आकडे आपल्या संसाराच्या मापाने मोजले म्हणजे त्यांतले अंतर कळते. एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद धरू. मग वाटीतली मोहरी चिमटीत घ्यायला एक सेकंद लागेल. कोठीत जाऊन यायला दीड-पावणेदोन मिनिटे लागतील. आणि चकतीवरून आणायची तर जवळजवळ चार महिने लागतील. तेवढ्यात शेतात मोहरी पेरून, वाढवून, मळून आणता येते!

म्हणून मेंदूशेजारी एक छोटा, महाग पण चपळ कप्पा ठेवतात आणि नुकत्याच लागलेल्या गोष्टींच्या नकला त्यात राहू देतात. लपवून ठेवणे ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून त्याला 'कॅश' हे नाव पडले. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली ही कल्पना एका छोट्या लेखात मांडली तेव्हा तिला 'दास-स्मृती' म्हटले होते. आणि 1968 साली आयबीएमने जाहीर केलेल्या, 360 मालिकेतल्या 85 क्रमांकाच्या यंत्रात ती प्रथम बाजारात आली. कप्प्यातल्या कोणत्या खणात कोणाची नक्कल आहे, ह्याची एक नोंदवहीही यंत्राला ठेवावी लागते. आमच्या यंत्राचे दुखणे ह्या नोंदवहीत होते. तिच्यात आकडे लिहायला जागाच बेताची होती. पहिल्या 64 मेगाबाइटांपलीकडचा पत्ता तिच्यात लिहिता येत नसे. पोस्टमनच्या वहीत घरक्रमांकाला दोनच आकड्यांची जागा असावी आणि गावात शंभरावे घर बांधले जावे, तसे हे झाले. वरच्या 64 मेगाबाइटांतली गोष्ट कितीही वेळा लागो, तिची नक्कल त्या कप्प्यात येऊ शकत नव्हती. मेंदूच्या पोटात आणखी एक इवलासा कप्पा असे, पण त्यात मावणार किती? बाकी सगळ्यासाठी दर वेळी कोठीपर्यंत खेप. त्यातून दुर्दैव असे की यंत्र चालवणारी प्रणाली स्मृती वापरायला सुरुवात करी ती वरच्या टोकाकडून. रोजचे काम नेमके नोंदीबाहेरच्या भागात पडे, आणि नोंदीतला चांगला भाग रिकामा राही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. माणसाची स्मृती मोठी असली म्हणजे तो शहाणा होतो काय? आपण मुलांना शाळेत पाठांतर करायला लावतो, पाठ असलेल्याला शाबासकी देतो, आणि विसरणाऱ्याला बाकावर उभे करतो. विसरणे हा दोष आणि आठवणे हा गुण, असा आपला सरळ हिशेब. पण कर्णाची गोष्ट पाहा. परशुरामांनी त्याला विद्या दिली, आणि खोटे उघडकीला आल्यावर शाप दिला तो विद्या काढून घेण्याचा दिला नाही. ऐन वेळी ती आठवणार नाही, एवढेच ते म्हणाले. विद्या कोठीत होती, हाताशी नव्हती. कर्णाचा घात तेवढ्याने झाला. उलट बाजूचे उदाहरण रशियाचे आहे. लुरिया ह्या मानसशास्त्रज्ञाने शेरेशेव्स्की नावाच्या एका माणसाचा अनेक वर्षे अभ्यास करून 1968 साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. ह्या माणसाला ऐकलेले काही विसरताच येत नसे. आकड्यांच्या लांबच लांब रांगा तो वर्षांनंतर जशाच्या तशा म्हणून दाखवी. आणि एवढी संपत्ती असलेल्या त्या माणसाने काय केले असेल? नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून ते कागद जाळून पाहिले. निदान तशा तरी त्या जातील म्हणून!

म्हणजे प्रश्न किती आठवते हा नाही. हाताशी काय आहे, हा आहे. आणि ते कोण ठरवते, हा त्याहून अवघड.

यंत्रात ते कसे ठरते? कप्पा भरला आणि नवी गोष्ट आली, तर आधीची एक काढावी लागते. कोणती काढावी? 1966 साली आयबीएममधल्या बेलाडी यांनी ह्याचे बिनचूक उत्तर दिले. जी गोष्ट पुढे सर्वांत उशिरा लागणार आहे ती काढावी. उत्तर निर्दोष आहे. त्यात अडचण एवढीच की ते वापरायला भविष्य ठाऊक असावे लागते. यंत्रापाशी भविष्य नाही, म्हणून ते भूतकाळाकडे पाहते. जी गोष्ट नुकतीच लागली ती पुन्हा लागेल असे धरते, आणि जी फार दिवसांत लागली नाही तिला बाहेरची वाट दाखवते.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा खेळ खेळायला लावतो. तीन बाके मांडतो आणि पाच मुलांना एक ते पाच आकडे देतो. मग ओळीने बारा हाका मारतो: एक, दोन, तीन, चार, एक, दोन, पाच, एक, दोन, तीन, चार, पाच. हाक आलेला मुलगा बाकावर बसलेला असला तर ठीक. नसला तर त्याने व्हरांड्यातून धावत यायचे, आणि जागा नसेल तर बाकावर जो सर्वांत आधी येऊन बसला असेल त्याने उठायचे. तीन बाकांवर हा खेळ खेळला की नऊ वेळा धावावे लागते. मग मी चौथे बाक आणतो आणि विचारतो, आता किती खेपा होतील? वर्ग एका सुरात म्हणतो, कमी! पुन्हा त्याच बारा हाका मारतो. खेपा होतात दहा. मुले मोजणाऱ्यावर आरोप करतात, भांडतात, पुन्हा खेळतात. पण दहा ते दहाच. हाही विचित्र प्रकार बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच 1969 साली दाखवून दिला. मग मी मुलांना सांगतो की नियम बदला. आधी आलेल्याला उठवू नका. ज्याचे नाव सर्वांत जास्त वेळ कोणी घेतलेले नाही त्याला उठवा. ह्या नियमाने खेळले तर बाक वाढल्याने खेप कधीच वाढत नाही. केवळ जुना म्हणून कोणाला उठवणे हा न्याय नव्हे, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी माझा तास सार्थकी लागला असे मी समजतो. दिवाळीची साफसफाई करणाऱ्या मोठ्यांच्याही ते लक्षात यावे. एक मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, सगळेच बाक रिकामे केले तर?" त्याच्या फोनमध्ये कप्पे रिकामे करण्याची सोय होती आणि तो ती सारखी वापरी. मी म्हटले, "कर आणि बघ. पुढची पाचही मुलं धावतच येतील." सगळे विसरून रोज सकाळी कोऱ्या पाटीने उठणाऱ्या माणसाला मीठ कुठे आहे हेही रोज शोधावे लागेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्याकडे यायला मी इतका वेळ घेतला, ह्यातच काही कबुली आहे.

यंत्राचा नियम माणसालाही लागू असेल, तर जी आठवण मी वारंवार काढतो ती माझ्या हाताशी राहते, आणि हाताशी आहे म्हणून ती पुन्हा पुन्हा निघते. ती महत्त्वाची आहे म्हणून नव्हे, खरी आहे म्हणूनही नव्हे; काढली जाते म्हणून. मग माझ्या मनात वर काय तरंगते ह्याची जबाबदारी माझ्यावर येते की नाही? "काय करू, मला तेच आठवतं," असे आपण म्हणतो, जणू आठवण हा पाऊस आहे. पण तो पाऊस नाही. ते आपल्याच हातांनी घासून गुळगुळीत केलेले भांडे आहे.

माझी एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. 2011 साली वडील गेले. पुढल्या वर्षी मी हक्कसोडपत्राचा कागद तयार करून तिच्या घरी घेऊन गेलो. गावाकडचे घर माझ्या एकट्याच्या नावावर व्हावे, ही सगळ्या गावात चालत आलेली रीत. त्यात विचारायचे ते काय, असे मला वाटले होते. अक्काने कागद वाचला आणि सही केली नाही. त्यानंतर मी तिच्याकडे भाऊबीजेला गेलो नाही. पहिल्या वर्षी रागाने गेलो नाही, दुसऱ्या वर्षी हट्टाने, आणि नंतर सवयीने. एवढ्या वर्षांत तिचे नाव निघाले की माझ्या मनात एकच वाक्य येई: "सही करणार नाही." ते वाक्य मी बायकोला ऐकवले, मामांना ऐकवले, प्रवासात शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ऐकवले. माझ्या मिसळणाच्या डब्यात बरोबर मध्यभागी ती वाटी होती.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा छापखान्याची ती रात्र नीट आठवावी म्हणून मी डोळे मिटून बसलो. ही गोष्ट मी वर्गात पंधरा-वीस वेळा तरी सांगितली असेल. मालकांची कॅश, म्हशीसारखे पान, उपटलेली दाढ, सगळे ठरलेले. पण या वेळी मी मुद्दाम कोठीपर्यंत गेलो. आणि तिथे अक्का बसलेली होती.

यंत्र मंदावल्यामुळे पाने संध्याकाळऐवजी मध्यरात्री निघत, आणि मुद्रिते तपासणारे गृहस्थ आठ वाजताच घरी जात. तेव्हा आठवडाभर रोज रात्री ती मुद्रिते अक्काने तपासली होती. दिवसभर शिकवण्या करून ती रात्री डबा घेऊन छापखान्यात यायची, मला जेवू घालायची आणि बाकड्यावर बसून लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. ती नसती तर तो अंक वेळेवर निघाला नसता आणि माझी नोकरीही राहिली नसती. गोष्ट तीच, रात्र तीच, आणि पंधरा-वीस वेळा सांगताना त्या गोष्टीतून मी तिला बाहेर ठेवले होते. पहिल्यांदा कधी ठेवले ते मला सांगता येणार नाही. मुद्दाम ठेवले असेन असेही नाही. पण नोंदवहीत तिच्या त्या रूपाला जागाच उरली नव्हती.

तिथवर गेलोच होतो, म्हणून मग दुसरी आठवणही उलगडून पाहिली. अक्का म्हणाली होती, "सही आज करणार नाही. आधी मला विचारायला हवं होतंस." मी 'आज' गाळले होते आणि पुढचे सगळे वाक्य गाळले होते. उरलेल्या तीन शब्दांवर मी इतकी वर्षे राग पोसला.

इथे कोणी मला अडवील, आणि अडवावेच. "म्हणजे अन्याय झालेल्याने तो विसरावा, असं म्हणता काय? द्रौपदीला 'विसर' म्हणण्याचा अधिकार कोणाला?" कोणालाही नाही. कॅशमध्ये असते ती नक्कल. तिथून काढली म्हणून कोठीतली मूळ वस्तू नाहीशी होत नाही, आणि होऊ नये. घडलेले घडले. साक्षीची वेळ आली की कोठीपर्यंत जाऊन ते पुराव्यासकट बाहेर आणता आले पाहिजे. पण रोजच्या फोडणीत ते पडावे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. शिवाय आपल्यापैकी किती जण द्रौपदी असतात? मी तर ह्या गोष्टीत दुसऱ्याच बाजूला बसलेला निघालो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांनी मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मतःच तो दिला. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. हे मला ठाऊक नव्हते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? ठाऊक होते, माझ्या कोठीत होते. कागद घेऊन अक्काच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते हाताशी नव्हते. कर्णाला निदान शाप होता.

आणखी एक गोष्ट यंत्राकडून शिकण्यासारखी आहे. आजच्या यंत्रांत एकाऐवजी चार, आठ मेंदू असतात आणि प्रत्येकाजवळ आपापला कप्पा. एकाच गोष्टीच्या नकला सगळ्यांजवळ असतात. त्यांतल्या एकाने ती गोष्ट बदलली, की बाकीच्यांना तत्काळ कळवले जाते: तुमच्याजवळची नक्कल रद्द समजा, लागली तर नव्याने घ्या. हा नियम नसता तर प्रत्येक मेंदू आपल्या शिळ्या नकलेवर बिनचूक हिशेब करीत राहिला असता आणि सगळे उत्तर चुकले असते. माणसांत असा निरोप कोणी धाडीत नाही. अक्काची मुले मोठी झाली, तिचे केस पांढरे झाले असतील, दुखणी आली आणि गेली असतील. माझ्याजवळची अक्का मात्र हातात कागद धरून दारातच उभी होती. एखाद्या माणसाचा न्याय त्याच्या शिळ्या नकलेवरून करणे, ह्यात कोणतेही खोटे बोलणे नसते, आणि तरीही ते असत्य असते. संसारातली निम्मी भांडणे अशा नकलांमध्ये चाललेली असतात, असे मला आता वाटू लागले आहे. माणसे कधीच पुढे निघून गेलेली असतात.

नक्कल रद्द करून मुळाकडे जायचे, ह्याला माणसांत एकच उपाय आहे, तो म्हणजे विचारणे. मी अक्काला फोन केला. काय बोलावे ते सुचेना, म्हणून म्हटले, "अक्का, नव्याण्णव साली छापखान्यात तू रात्री पिठलं-भाकरी घेऊन यायचीस, आठवतं?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "पिठलं नव्हे. पिठल्याने तुला पित्त व्हायचं. लसणाची चटणी आणि दही असायचं." आणि मग, थोडे थांबून, "ते यंत्र सुधारलं का रे पुढे?"

घराचा विषय तिने काढला नाही. मी काढला. म्हणालो, "आधी विचारायला हवं होतं मी." ती "हो" म्हणाली. "असू दे" म्हणाली नाही, आणि मला त्याचे बरे वाटले. इतकी वर्षे मी अक्काला क्षमा करावी की नाही ह्याचा विचार करीत होतो, आणि क्षमा मागायची पाळी माझी होती.

पुढे काय होईल ते मी इथे लिहू शकत नाही. हा लेख छापायला जाईल तेव्हा भाऊबीज यायची असेल. जायचे ठरवले आहे. ती ओवाळील की नाही, हे तिने ठरवायचे. घराचे काय ते दोघांनी बसून ठरवू, आणि त्यात तिचा अर्धा वाटा आहे हे धरूनच ठरवू. तो सही नसलेला कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. शेरेशेव्स्कीसारखा तो जाळावा असे एकदा मनात आले होते. पण नको. मी काय केले होते, ह्याचा तो पुरावा आहे. तो कोठीत असू दे.

मिसळणाच्या डब्यातली मधली वाटी मात्र रिकामी झाली आहे. तिच्यात आता काय भरावे ह्याचा मी विचार करतो आहे. वाचकहो, दिवाळीत आपण घरातले डबे घासतो, तेव्हा हाही एक डबा जरा उघडून पाहावा, एवढेच सुचवावेसे वाटते. वाट्या सातच असतात. त्यांत काय आहे हे आपणच कधी काळी भरलेले असते.